बारका डबा

इंद्रजितला ॲम्प्लिफायर निवडायला सव्वा वर्ष लागलं. एवढ्या काळात त्याची बायको माधवी त्यावर एकदाच बोलली. "मला बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत पसंती सांगून मोकळे झालात," ती म्हणाली, "आणि या डब्याला सव्वा वर्ष." इंद्रजितकडे याचं उत्तर होतं. पण काही उत्तरं नवऱ्याने गिळायचीच असतात. त्याने ते गिळलं आणि मोबाइलवर पुढचा व्हिडिओ लावला.

तसा तो उधळ्या माणूस नव्हे. बारामतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचं, येताना आईच्या गोळ्या आणि पेंडेचं पोतं घ्यायचं आणि संध्याकाळी मोटारसायकलवरून सांगवीला घरी यायचं, असा सरळ माणूस. अंगात खोड एकच. पुण्याला शिकत असताना त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली होती आणि ती वाजवायलाही शिकला होता. मग नोकरी, लग्न, मुलगी, घरावर दुसरा मजला, असं एकेक होत गेलं आणि गिटार कपाटावर जाऊन बसली.

या गिटारीवरून घरात कधी भांडण झालं नाही, हेच तर खरं दुखणं होतं. वडिलांनी, म्हणजे मोहनराव ऊर्फ तात्यांनी, ती उचलून आपटली असती तर इंद्रजित हट्टाला पेटला असता, कलावंत झाला असता, निदान बिघडला तरी असता. पण तात्यांनी पंचवीस वर्षांत गिटार हा शब्दसुद्धा तोंडातून काढला नव्हता. कौतुक नाही, राग नाही, 'ते काय हाय कपाटावर' इतकंही नाही. घरात म्हशी होत्या, ऊस होता, टोमॅटो होते, टीव्ही होता. गिटार नव्हतीच. आपण जे वाजवतो ते या घरात एकदा तरी कुणाच्या कानावर पडावं, एवढंच इंद्रजितला हवं होतं. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी असलं काही तोंडाने मागायची लाज वाटते.

त्यात इलेक्ट्रिक गिटार अशी चमत्कारिक, की ॲम्प्लिफायरशिवाय ती वाजतच नाही. तारा नुसत्या किणकिणतात. बघणाऱ्याला वाटतं, याला डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगितला असावा. कित्येक वर्षं इंद्रजितने असाच व्यायाम केला. मग मुलगी, संस्कृती, शिकायला पुण्याला गेली आणि माडीवरची तिची खोली रिकामी झाली. त्या खोलीवर आईचा, धोंडाबाईंचा, आधीपासून डोळा होता, कारण लसूण ठेवायला घरात कोरडी जागा नव्हती. शेवटी तह झाला. भिंतीकडची बाजू लसणाला, खिडकीकडची गिटारीला.

आणि मग ती सव्वा वर्षाची निवड सुरू झाली. इंद्रजितला ट्यूबचा ॲम्प हवा होता. ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे दिवे. त्यांना थोडं जास्त रेटलं की आवाज कडेने जरासा फाटतो, आणि त्या फाटण्यातच सगळी गोडी असते, असं तो माधवीला हात हलवून हलवून सांगे. मोठा ॲम्प घेतला तर तो फाटेपर्यंत वाढवावा लागतो आणि तोवर गावाचे कान जातात. म्हणून घरासाठी बारकाच घ्यायचा, पाच वॉटचा. तो खोलीतल्या खोलीत फाटतो. माधवीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आवाज फाटका यावा म्हणून पैसे घालायचे, आणि तो कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून लहान घ्यायचा?" फिजिक्सच्या मास्तरला यात चूक काढता येईना.

पेडलांचं तर विचारूच नका. गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये लोखंडी डब्या जोडतात, पायाने दाबल्या की आवाज बदलतो. एक डबी आवाज आणखी फाडते, एक घुमवते, एक विहिरीतून आल्यासारखा करते. दाढीवाले गोरे लोक एकेका डबीवर अर्धा अर्धा तास बोलत आणि इंद्रजित पेपर तपासायचे सोडून ते ऐके. शेवटी त्याने विहीर रद्द केली आणि फाडणारी एक, घुमवणारी एक, अशा दोनच घ्यायच्या ठरवल्या. आयुष्यात इतका विचार त्याने ना विमा घेताना केला होता ना घरावर मजला चढवताना.

पुण्याच्या दुकानातून वस्तू आली थंडीच्या सुरुवातीला. बारामतीच्या कुरिअर ऑफिसातून खोकं उचलून गुपचूप माडीवर न्यायचं असा त्याचा बेत होता. पण सांगवीत घरात नवी वस्तू गुपचूप येत नसते. ट्रॅक्टर येवो, मिक्सर येवो, बोअरची मोटर येवो, उंबऱ्यावर हळदकुंकू आणि नारळ ठरलेला. धोंडाबाई ताट घेऊन उभ्याच होत्या. नारळ फुटला की शेजारी येतात, शेजारी आले की पेढा द्यावा लागतो, आणि पेढा खाल्ला की वस्तूबद्दल मत द्यायचा हक्क मिळतो. सगळ्यात पुढे होते शेजारचे गेणबा. तात्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, पिकअपचे मालक आणि आळीतल्या प्रत्येक नव्या वस्तूचे परीक्षक.

गेणबांनी ॲम्पभोवती एक फेरी मारली. "ब्लूटूथ हाय का?"

"नाही," इंद्रजित म्हणाला.

"पेनड्राइव्ह?"

"नाही."

"रेडिओ तरी?"

"नाही काका. यात फक्त गिटार लागते."

गेणबांनी तात्यांकडे बघितलं. गाय दूध देत नाही हे व्यवहार झाल्यावर कळलं तर माणूस ज्या नजरेने बघतो, ती नजर होती. इंद्रजितने उत्साहाने बटण दाबलं, तर आवाजही येईना, कारण ट्यूब तापायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात दोघे शेजारी पेढा संपवून निघूनसुद्धा गेले. मग जाळीमागचे काचेचे दिवे हळूहळू लालसर झाले. तात्या वाकले, डोळे बारीक करून आत बघत राहिले, आणि म्हणाले, "थोरल्या आबांच्या रेडिओत ह्येच दिवं हुतं." इंद्रजितला वाटलं, तात्यांना आवडलं. असल्या गैरसमजावर माणूस काही दिवस सुखात काढू शकतो.

पेडलांचा निकाल धोंडाबाईंनी तिथल्या तिथे लावला. इंद्रजितने डबी जमिनीवर ठेवली आणि पाय उचलला, तोच त्यांनी त्याचा पाय हवेतच धरला. "वाद्याला पाय लावतोस? मास्तर हायस का कोन हायस?" तो सांगू लागला की हे वाद्य नव्हे, हे पायानेच दाबायचं असतं, सगळं जग पायानेच दाबतं. धोंडाबाई म्हणाल्या की जगाचं जग बघंल, ह्या घरात नारळ फुटलाय. त्यांनी दोन्ही डब्यांना हळदकुंकू लावलं आणि पाटावर मांडल्या. आता दोन्ही हात गिटारीवर असलेल्या माणसाने पाटावरची डबी कशी दाबायची? त्यावरही तोड निघाली. धोंडाबाई स्वतः पाटाशी बसू लागल्या. लसूण सोलता सोलता, इंद्रजितने मान हलवली की त्या डबी दाबत आणि तोच हात डोळ्यांना लावत. फाटायचं तिथे घुमायचं आणि घुमायचं तिथे फाटायचं, पण तक्रार कुणाकडे करणार?

तरीही त्या संध्याकाळी इंद्रजितला फार सुखाच्या गेल्या, हे सांगायलाच हवं. खोलीभर लसणाचा वास, जाळीमागे लाल उजेड आणि सव्वा वर्ष कानात घोळवलेला तो आवाज. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः एक चाल बांधली होती. ती आता पहिल्यांदा त्याला स्वतःला नीट ऐकू आली. खाली भाकऱ्या थापताना माधवी एकदा ती चाल गुणगुणली आणि आपण गुणगुणतोय हे तिला कळलंसुद्धा नाही. इंद्रजितला ते कळलं. त्या दिवशी तो एक भाकरी जास्त जेवला.

आता तात्यांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांना कमी ऐकू येत होतं. हे सगळ्या सांगवीला माहीत होतं, फक्त तात्यांना नव्हतं. त्यांच्या मते हल्ली लोक पुटपुटायला लागले होते. डॉक्टरकडे न्यायचा विषय काढला की ते चिडत, चिडल्यावर समजावायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडलं की "वरडतोस कशापायी, भैरा हाय का मी?" असं होऊन विषय मिटे. तर हे तात्या त्या दिवसांत दोनतीनदा माडीवर आले. दारात उभं राहून त्यांनी बघितलं. पोरगा मान डोलवतोय, बोटं पळतायत, आपली बायको मध्येच डबीला नमस्कार करतेय, दिवे लागलेत, आणि आवाज काहीच नाही. ते तसेच खाली उतरले आणि गेणबांच्या ओट्यावर जाऊन बसले.

गेणबांनी आपल्या परीने खरं ते सांगितलं. त्यांच्या घरापर्यंत आवाज येत होता, पण फाटका येत होता. स्पीकर गेलेला असणार. मग दोघांनी मिळून हिशेब मांडला. एक तर डबा एवढासा. त्यात दिवे थोरल्या आबांच्या काळातले, म्हणजे कुठल्या तरी भंगारातला माल. ब्लूटूथ नाही. आवाज आला तर फाटका येतो, आणि घरातल्या माणसाला तर तेवढाही येत नाही. यातून निघायचा तोच निकाल निघाला. "पुण्याच्या दुकानदारानं पोराला मामा बनवला," तात्या म्हणाले. बारामतीच्या मार्केट यार्डात ज्या माणसाला आजवर एकाही आडत्याने फसवलं नव्हतं, त्याच्या पोटच्या पोराला कुणीतरी राजरोस फसवावं, हे त्यांना झोंबलं. पोरगा मुकाट्याने ती बंद पडलेली वस्तू घेऊन बसतो, लाजेने बोलत नाही, म्हातारी आई डबीला हात जोडून मदत करते, हे बघून तात्यांचा जीव तुटला. त्यांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच गिटारीचा विचार केला, आणि तो असा केला.

जानेवारी सरता सरता इंद्रजितला प्रॅक्टिकलच्या परीक्षा घ्यायला आठवडाभर दौंडला जावं लागलं. रोजची ये-जा नको म्हणून तो मेहुण्याकडे राहिला. सोमवारी तो गेला आणि सोमवारीच गेणबांचा पिकअप दाराशी लागला. तात्यांनी ॲम्प घोंगडीत गुंडाळला आणि इंदापूरला आपल्या दोस्ताकडे, रावजींकडे, न्यायला काढला. रावजींचा मंडपाचा आणि साउंडचा धंदा. माधवी मधे पडली नाही असं नाही. ती म्हणाली, "तात्या, त्यांना विचारल्याशिवाय नेऊ नका." तात्या म्हणाले, "व्हय, व्हय, सांजच्याला येतो माघारी." ती आणखी मोठ्याने म्हणाली. तात्या म्हणाले, "वरडतीस कशापायी?" आणि पिकअप गेला.

शनिवारी दुपारी इंद्रजित घरी आला तेव्हा लसूण ओसरीवर आलेला होता. त्याला तिथेच शंका आली. तो माडीवर गेला. खोलीत त्याच्या छातीपर्यंत येतील असे दोन काळे स्पीकर उभे होते, मध्ये बटणांचं कपाट होतं, आणि खिडकी उघडायला जागा उरली नव्हती. एका स्पीकरवर पांढऱ्या रंगात 'रावजी मंडप, इंदापूर' असं लिहिलेलं होतं आणि त्याला झेंडूची माळ घातलेली होती. पाटावरच्या दोन डब्या तेवढ्या जागच्या जागी होत्या. त्यांना बदलायचं कुणाला सुचलं नाही, कारण त्या देवाच्या झाल्या होत्या.

"मला फोन का नाही केलास?" त्याने माधवीला विचारलं.

"केला असता तर त्या रागात पोरांचे मार्क कापले असते तुम्ही," माधवी म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते.

तेवढ्यात तात्या जिना चढून आले. त्यांनी स्पीकरवर हात ठेवला आणि पंचवीस वर्षांत बोलले नव्हते इतकं एका दमात बोलले. मास्तरकीत माणूस भोळा राहतो, यात लाज कसली. फसवतात लोक. आपण रावजीला गाठला, फुकट नको म्हणालो, हा डबा ठेव आणि वर काय पाहिजे ते सांग. रावजी मोठ्या मनाचा, त्याने आपल्या लग्नसराईतली जोडी काढून दिली. "आता वाजीव," तात्या म्हणाले. "समद्या सांगवीला कळू दे, माझं पोरगं काय वाजवतंय ते."

इंद्रजितने या एका वाक्याची पंचवीस वर्षं वाट पाहिली होती. ते आलं तेव्हा त्याला त्या वाक्यावर रडावं की त्या स्पीकरवर डोकं आपटावं, हे कळेना. रागवायला समोर माणूसच नव्हता. सगळ्यांनी त्याचं भलंच केलं होतं. "आज दमलोय तात्या," तो म्हणाला. ते त्याला तीनदा म्हणावं लागलं.

रविवारी सकाळीच त्याने मोटारसायकल काढली आणि इंदापूरचा रस्ता धरला. निमगाव केतकी येईपर्यंत त्याने मनात भाषण तयार केलं होतं. वडिलांचा मान जाऊ द्यायचा नाही, रावजींना दुखवायचं नाही, फक्त जुन्या वस्तूवर जीव आहे म्हणायचं, ॲम्प पिशवीत घालायचा आणि निघायचं. स्पीकर राहू देत घरी. त्यांच्यावर लसूण वाळत घालता येईल. पिशवीही त्याने जाड बघून घेतली होती.

रावजींनी त्याला घोंगडी अंथरून बसवलं, मोहनरावांची तब्येत विचारली, चहा मागवला. इंद्रजितने भाषणाला सुरुवात केली. ॲम्पचं नाव निघताच रावजींनी आत स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आतून त्यांची बायको रंगूबाई पदर सावरत बाहेर आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

झालं होतं ते असं. रावजींनी मित्राचा मान म्हणून डबा ठेवून घेतला होता. कामाचा नव्हता, पण दिवे लागतात म्हणून एकदा चालू करून बघितला. रंगूबाईने हात लावला तर वरून गरम. थंडीत विरजण लागत नव्हतं, दूध रात्रभर तसंच राहायचं. तिने पातेलं डब्यावर ठेवून बघितलं. "सकाळी सुरीनं कापावं आसं दही," रंगूबाई म्हणाली, आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर उजेड आला. मग तीन-चार दिवस रोज विरजण डब्यावर. तिच्या जावांनीसुद्धा आपापली पातेली आणून दिली. परवा मांजराने उडी मारली आणि एक पातेलं कलंडलं. दूध जाळीतून आत गेलं, काच फुटली, वास सुटला, धूर निघाला आणि दिवे गेले ते गेले.

डबा मागच्या पडवीत उलटा वाळत ठेवलेला होता. इंद्रजितने तो बघितला. जाळीवर साय वाळली होती, आत काचेचा चुरा होता, आणि तळाशी सगळं काळं पडलं होतं. पोरांना सर्किट शिकवणाऱ्या माणसाला तिथे दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही हे कळायला वेळ लागला नाही. सव्वा वर्ष त्याने दाढीवाल्यांकडून ऐकलं होतं की ट्यूबची ऊब दुसऱ्या कशात नाही. त्या उबेचा खरा उपयोग कळलेलं माणूस इंदापुरात निघालं.

"मोहनरावांस्नी सांगू नगा," रंगूबाई म्हणाली. "इस्वासानं दिली हुती वस्तू. त्यांस्नी काय वाटंल?"

"नाही सांगणार," इंद्रजित म्हणाला. दुसरं काय म्हणणार? बाई रडायच्या बेतात होती. निघताना तिने मांजराच्या आधीचं, शेवटचं लागलेलं दही स्टीलच्या डब्यात भरून दिलं, तात्यांसाठी म्हणून. ॲम्पसाठी आणलेल्या जाड पिशवीतून ते दही सांगवीला आलं.

संध्याकाळी तात्यांनी गेणबांना बोलावलं होतं. दोघं माडीवर खुर्च्या टाकून स्पीकरच्या पुढ्यात बसले. धोंडाबाई पाटाशी बसल्या, माधवी दारात उभी राहिली. इंद्रजितने वायर जोडली आणि कान किटू नयेत म्हणून बटण अगदी थोडंसं फिरवलं. तात्या म्हणाले, आवाज येत नाही. त्याने वाढवलं. तात्या म्हणाले, भिऊ नको, वाढीव. मग त्याने बटण फिरवलं, डोळे मिटले आणि आपली ती चाल सुरू केली.

खिडकीच्या काचा थरथरल्या. खाली म्हशींनी दावी ताणली. स्पीकर लग्नात नाचायला केलेले, त्यांना फाटण्यातली गोडी कुठून माहीत असणार? धोंडाबाईंनी नमस्कार करून डबी दाबली तेव्हा मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज झाला, आणि गेणबा खुर्ची मागे सरकवत सरकवत जिन्यापर्यंत गेले. इंद्रजितची प्रत्येक चूक गावाला ऐकू येईल एवढी मोठी होऊन बाहेर पडत होती. पण तात्या हलले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून, यार्डात मालाचा नमुना बघताना बसत तसे ते बसले होते. ते खरोखर ऐकत होते. इंद्रजितने एकदा डोळे उघडून ते बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. चाल त्याने शेवटपर्यंत वाजवली, आणि शेवट तर चांगलाच वाजवला.

आवाज थांबल्यावर तात्यांनी मान वर केली.

"ह्येच वाजवतोस व्हय?" तात्यांनी विचारलं. "पंचवीस वर्सं?"

"हो," इंद्रजित म्हणाला, मोठ्याने.

"दुसरं काय येतं का?"

"असंच येतं."

तात्यांनी विचार केला. चिडले नव्हते ते, हसतही नव्हते. मालाला बोली लावण्याआधी करत तसा सरळ विचार केला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मग ते बारकंच बरं हुतं," ते म्हणाले. "रावजीला फोन लाव. देईल त्यो बदलून, भला माणूस हाय."

जिन्यावरून गेणबांनीही त्याला दुजोरा दिला. धोंडाबाईंनी दोन्ही डब्यांवरून पदर फिरवला आणि त्या लसूण वर आणायला खाली गेल्या. माधवी काहीतरी बोलणार होती. इंद्रजितने मान हलवून तिला थांबवलं, स्पीकरचं बटण बंद केलं आणि गिटार पुसून कपाटावर ठेवली.

जेवायला बसल्यावर माधवीने ताटात रंगूबाईचं दही वाढलं. ते खरंच सुरीने कापावं असं होतं. तात्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, मग वाटी पुढे केली. कित्येक दिवसांत ते इतके खुशीत दिसले नव्हते.

"आसल्या थंडीत आसलं दही?" ते म्हणाले. "इंद्रा, रंगूबाईला इचारून घे की, कशात लावती."

"माझ्या ॲम्पवर," इंद्रजित ताटात बघत म्हणाला.

"आँ? पुटपुटू नकोस."

"विचारतो म्हणालो," इंद्रजित ओरडला, आणि त्यानेही वाटी पुढे केली.